संगणकांच्या जाळ्याची मांडणी : एक तार तुटली तर किती जणांचे काम थांबेल?

बँकेच्या शाखेत 'सर्व्हर डाऊन'ची पाटी लागते. कार्यालयाच्या एका मजल्यावर इंटरनेट सुरळीत चालू असते आणि वरच्या मजल्यावर ते सकाळपासून बंद असते. अशा वेळी दोष बहुधा संगणकाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा संगणक ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती त्यांना जोडणारी एखादी तार, किंवा अनेक तारा जेथे एकत्र येतात ती एखादी पेटी. एका ठिकाणी तार तुटल्यावर एकाच कर्मचाऱ्याचे काम अडते, तर दुसऱ्या ठिकाणी तशीच तार तुटल्यावर संपूर्ण इमारत ठप्प होते. हा फरक तारेच्या दर्जाचा नसतो. तो तारांच्या मांडणीचा असतो.

संगणक एकमेकांना कोणत्या आकृतीत जोडले आहेत, यास संगणकशास्त्रात 'नेटवर्क टोपॉलॉजी' असे म्हणतात. मराठीत त्यास जाळ्याची मांडणी किंवा रचना म्हणता येईल. बस, स्टार, रिंग, ट्री आणि मेश हे तिचे पाच प्रमुख प्रकार होत. संगणकाच्या अभ्यासक्रमात हे प्रकार आकृत्यांसह शिकवले जातात आणि बहुधा परीक्षेपुरतेच लक्षात ठेवले जातात. वास्तविक यातील प्रत्येक प्रकार म्हणजे दोन व्यावहारिक प्रश्नांना दिलेले उत्तर आहे. तारांवर खर्च किती करायचा, हा पहिला प्रश्न. बिघाड झाल्यास किती जणांची गैरसोय सोसायची, हा दुसरा. या दोहोंचा मेळ घालताना गेल्या ५० वर्षांत या मांडण्या घडत गेल्या.

दिसणारी मांडणी आणि चालणारी मांडणी

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. तारा भिंतीवरून, छतावरून आणि जमिनीखालून प्रत्यक्ष कशा गेल्या आहेत, ती झाली भौतिक मांडणी. त्या तारांवरून माहिती कोणत्या क्रमाने फिरते, ती तार्किक मांडणी. या दोन्ही मांडण्या एकच असतील असे नाही. एकाच पेटीत येऊन मिळणाऱ्या तारा पाहिल्या तर त्या ताऱ्याच्या आकारात दिसतात. परंतु त्या पेटीच्या आत माहिती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे वर्तुळाकार फिरत असू शकते. आयबीएमच्या 'टोकन रिंग' या एकेकाळच्या लोकप्रिय जाळ्याची रचना नेमकी अशीच होती.

हा भेद केवळ शब्दच्छल नाही. दुरुस्तीसाठी आलेला तंत्रज्ञ भौतिक मांडणी पाहतो, तर जाळ्याचे आराखडे बहुधा तार्किक मांडणी दाखवतात. कागदावर स्वतंत्र दिसणाऱ्या दोन वाटा प्रत्यक्षात एकाच खड्ड्यातून गेलेल्या असतात, हे अनेकदा खड्डा खणला गेल्यानंतरच कळते. त्याची उदाहरणे पुढे येतीलच.

बस : एका तारेवर सारे

सर्वांत साधी मांडणी बसची. एक लांब केबल टाकायची आणि सर्व संगणक तिला जागोजागी जोडायचे. एखाद्या रस्त्यावरील सर्व थांबे एकाच बसने जोडलेले असावेत, तसा हा प्रकार. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट'ची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली, तेव्हा त्यांनी हीच मांडणी निवडली होती. प्रकाशलहरी ज्या माध्यमातून प्रवास करतात असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानत, त्या काल्पनिक 'ईथर'वरून हे नाव घेतले गेले. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला सुमारे २.९४ मेगाबिट होता.

बसवर एका वेळी एकाच संगणकाने बोलायचे असते. बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे का, हे प्रत्येक संगणक ऐकतो. तरीही दोघे एकाच क्षणी बोलू लागले तर संदेशांची टक्कर होते. मग दोघेही थांबतात आणि यदृच्छेने ठरवलेल्या वेगवेगळ्या अवधीनंतर पुन्हा प्रयत्न करतात. संगणकांची संख्या आणि वापर वाढला की टकरी वाढतात आणि वेग मंदावतो.

१९८० आणि १९९०च्या दशकांत लहान कार्यालयांत आणि संगणक प्रशिक्षण वर्गांत जी पातळ काळी केबल दिसत असे, ती या मांडणीची स्वस्त आवृत्ती होती. दूरचित्रवाणीच्या केबलसारखी दिसणारी ही केबल एका टप्प्यात १८५ मीटरपर्यंत टाकता येई आणि तिच्यावर कमाल ३० जोडण्या देता येत. प्रत्येक संगणकाच्या मागे इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा जोड असे. केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा 'टर्मिनेटर' बसवावा लागे. तो नसला तर विद्युतसंकेत टोकावर आपटून प्रतिध्वनीप्रमाणे परत फिरत आणि सर्व संभाषण गढूळ करून टाकत.

या मांडणीची दुखरी नस येथेच आहे. केबल मध्येच तुटली की दोन नवी टोके निर्माण होतात आणि त्या टोकांना टर्मिनेटर नसतो. परिणामी तुटलेल्या जागेच्या पलीकडचेच नव्हे, तर अलीकडचे संगणकही बंद पडतात. टेबल सरकवताना जोड सैल झाला किंवा झाडताना केबल ओढली गेली, तरी संपूर्ण टप्पा निकामी होई. शिवाय दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी एकेक जोड तपासत जावे लागे. दहा संगणकांचे जाळे एका केबलमध्ये होत असे, हे खरे. पण त्या बचतीची किंमत सर्वांनी मिळून मोजायची असे.

स्टार : प्रत्येकाला स्वतंत्र तार

स्टार किंवा तारकाकृती मांडणीत प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार एका मध्यवर्ती पेटीपर्यंत जाते. पूर्वी ही पेटी म्हणजे 'हब' असे. आज तिची जागा 'स्विच'ने घेतली आहे. हब आलेला संदेश सर्वांना ऐकवतो, म्हणजे दिसायला तारका असली तरी आतून ती बसच असते. स्विच मात्र संदेश ज्याचा असेल त्यालाच देतो, त्यामुळे टकरींचा प्रश्न उरत नाही.

दूरध्वनीच्या तारांसारख्या, पिळ दिलेल्या तांब्याच्या तारांच्या जोड्यांवरून सेकंदाला १० मेगाबिट वेगाने इथरनेट चालवण्याचे मानक १९९० साली आले आणि बसचे दिवस संपत गेले. या तारेची कमाल लांबी १०० मीटर. आजच्या कार्यालयांत छतावरून वा जमिनीखालून येऊन एका लहानशा खोलीतील कपाटात एकत्र होणाऱ्या निळ्या-करड्या तारा हा त्याच मानकाचा वारसा आहे.

स्टारमध्ये दहा संगणकांना दहा तारा लागतात आणि प्रत्येक तार थेट कपाटापर्यंत न्यावी लागत असल्याने केबलची एकूण लांबी बसपेक्षा पुष्कळच वाढते. मात्र त्या बदल्यात मिळणारा लाभ मोठा आहे. एक तार तुटली तर एकच संगणक बंद पडतो आणि तो कोणता हे स्विचवरील विझलेल्या दिव्यावरून लगेच समजते. घरातील वाय-फायही याच प्रकारात मोडते. तेथे तारा नाहीत, पण प्रत्येक फोन आणि लॅपटॉप मधल्या राउटरशीच बोलत असतो.

याचा दुसरा अर्थ असा, की मधली पेटी बंद पडली तर सर्वच बंद पडते. धोका नाहीसा होत नाही. तो एका ठिकाणी एकवटतो. अर्थात एकवटलेल्या धोक्याची राखण करणे तुलनेने सोपे असते. त्या एका पेटीला कुलूप, थंड हवा, यूपीएस आणि जोडीला एक राखीव पेटी देता येते.

तारकाकृती मांडणीचे एक मोठे भारतीय उदाहरण मुंबईचे आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे संगणकीय व्यवहार सुरू केले, तेव्हा देशभरातील दलालांना मुंबईतील संगणकाशी जोडण्यासाठी जमिनीवरील दूरध्वनीच्या तारांवर विसंबणे परवडणारे नव्हते. त्यामुळे उपग्रहाचा मार्ग निवडण्यात आला. दलालाच्या गच्चीवर 'व्हीसॅट'ची लहान तबकडी आणि मुंबईत मोठे मध्यवर्ती केंद्र, अशी ही रचना होती. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवरील उपग्रहापर्यंत जाऊन पृथ्वीवर परत येण्यास संकेताला सुमारे पाव सेकंद लागतो. दोन शहरांतील दलालांना परस्परांशी बोलायचे नव्हते, प्रत्येकाला मुंबईशीच बोलायचे होते. म्हणून तारका ही मांडणी या कामास चपखल बसली.

रिंग : वर्तुळातील शिस्त

रिंग मांडणीत प्रत्येक संगणक आपल्या दोन शेजाऱ्यांना जोडलेला असतो आणि शेवटचा पहिल्याशी जोडून वर्तुळ पूर्ण होते. आयबीएमने १९८५ साली बाजारात आणलेले 'टोकन रिंग' हे या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध रूप. त्याचा वेग आरंभी सेकंदाला ४ मेगाबिट आणि पुढे १६ मेगाबिट होता. या वर्तुळात 'टोकन' नावाचा एक छोटासा संदेश फिरत राहतो. ज्याच्या हाती टोकन, त्यालाच बोलण्याचा अधिकार. पाळीपाळीने संधी मिळत असल्यामुळे टक्कर होत नाही आणि आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळाने येईल, हे आधी सांगता येते. कारखान्यांतील यंत्रनियंत्रणासारख्या कामांत ही हमी मोलाची मानली गेली.

साध्या वर्तुळाचा दोष उघड आहे. माहिती एकाच दिशेने फिरत असेल तर एक दुवा तुटला की वर्तुळच खंडित होते. आयबीएमने यावर तोडगा म्हणून सर्व तारा एका मध्यवर्ती पेटीत आणल्या. एखादा संगणक बंद झाला की पेटीतील रिले त्याला वगळून वर्तुळ जोडून घेत असे. बाहेरून तारका, आतून वर्तुळ, असा हा संकर होता.

दुसरा तोडगा अधिक दूरगामी ठरला. एकाऐवजी दोन वर्तुळे टाकायची आणि त्यांत माहिती परस्परविरुद्ध दिशांनी फिरवायची. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या 'एफडीडीआय' या प्रकाशतंतूंच्या जाळ्यात ही युक्ती वापरली गेली. एके ठिकाणी केबल तुटली की तिच्या दोन्ही बाजूंची उपकरणे माहितीला आल्या वाटेने मागे वळवतात आणि दोन वर्तुळांचे मिळून एक लांब वर्तुळ तयार होते. दूरध्वनी कंपन्यांनी शहरांभोवती आणि शहरांदरम्यान टाकलेल्या प्रकाशतंतूंच्या रिंगा याच तत्त्वावर चालतात. अशा जाळ्यांत तुटलेल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाण्यास ५० मिलिसेकंद हा आदर्श मानला जातो. फोनवर बोलणाऱ्याला एवढा खंड जाणवतही नाही. कार्यालयांतून टोकन रिंग केव्हाच हद्दपार झाली. वर्तुळ मात्र रस्त्याखाली टिकून आहे.

ट्री : फांद्यांचा विस्तार

इमारत मोठी झाली की एक स्विच पुरत नाही. मग प्रत्येक मजल्यावर एक स्विच आणि त्या सर्वांना जोडणारा तळमजल्यावरील मुख्य स्विच, अशी झाडासारखी रचना तयार होते. हीच ट्री किंवा वृक्षाकृती मांडणी. महाविद्यालये, रुग्णालये आणि मोठी कार्यालये बहुधा याच रचनेत बांधलेली असतात. हिचा लाभ विस्तारातील सोयीत आहे. नवा मजला घेतला की नवी फांदी जोडायची. तोटाही झाडासारखाच. पान गळाले तर बिघडत नाही, फांदी तुटली तर तिच्यावरील सर्व पाने जातात आणि बुंधा कोसळला तर काहीच उरत नाही.

घरोघरी आलेले फायबर इंटरनेटही वृक्षाकृतीच असते. कंपनीच्या केंद्रापासून निघालेला एक प्रकाशतंतू वाटेत 'स्प्लिटर'मध्ये विभागला जातो आणि त्यातून सामान्यतः ३२ किंवा ६४ ग्राहकांना जोडणी मिळते. स्प्लिटरला वीज लागत नाही, ही या तंत्राची जमेची बाजू. केबलचालकांनी घरोघरी इंटरनेट पुरवायला सुरुवात केली त्या काळातील जोडण्या याहून नाजूक होत्या. एका इमारतीच्या गच्चीवरील स्विचमधून तार शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, तेथून पुढच्या गच्चीवर, अशी साखळी जोडली जाई. मधल्या इमारतीची वीज गेली की तिच्या पुढच्या सर्व इमारतींचे इंटरनेट बंद, आणि तेथील रहिवाशांच्या घरी वीज असल्याने त्यांना कारण उमगत नसे.

वृक्षाकृती जाळे सुरक्षित करण्यासाठी दोन फांद्या जादा तारेने एकमेकींना जोडाव्यात, हा विचार साहजिकच मनात येतो. परंतु त्यात एक धोका दडलेला आहे. इथरनेटवरील संदेशाला आयुर्मर्यादा नसते. जाळ्यात बंद वळसा तयार झाला की सर्वांसाठी पाठवलेला संदेश त्या वळशात अखंड फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत संपूर्ण जाळे गुदमरते. एखाद्याने सुटी दिसणारी तार चुकून त्याच स्विचमध्ये खोचली तरी हा प्रकार घडू शकतो. यावरील उपाय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील संशोधिका रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधून काढला. 'स्पॅनिंग ट्री' या त्यांच्या पद्धतीत सर्व स्विच आपसांत बोलून जादा तारा तात्पुरत्या बंद ठेवतात आणि जाळ्याला वळसा नसलेल्या झाडाचे रूप देतात. चालू तार तुटली तरच राखीव तार उघडली जाते.

बोस्टनच्या रुग्णालयाचा धडा

ही पद्धत कितीही उत्तम असली तरी तिला मर्यादा आहेत आणि त्या ओलांडल्या तर काय होते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहरात घडले. तेथील बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचे संपूर्ण संगणक-जाळे नोव्हेंबर २००२ मध्ये कोलमडले. जाळे वर्षानुवर्षे गरजेप्रमाणे वाढत गेले होते. एका स्विचमागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा असे स्विच जोडले गेले होते. स्पॅनिंग ट्री पद्धत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सात टप्पे गृहीत धरते. रुग्णालयाच्या जाळ्याचे काही भाग त्यापलीकडे गेले होते. मोठ्या प्रमाणावर माहितीची वाहतूक होताच राखीव तारा बंद ठेवण्याची व्यवस्था ढासळली आणि वळसे निर्माण झाले.

त्यानंतर सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. औषधांच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या, तपासण्यांचे अहवाल माणसांकरवी पोहोचवले गेले. संगणकावरच शिकलेल्या अनेक तरुण डॉक्टरांना कागदी पद्धत नव्याने समजावून द्यावी लागली. रुग्णालयाचे तत्कालीन माहिती अधिकारी जॉन हालाम्का यांनी ही घटना दडवून न ठेवता जाहीरपणे मांडली, म्हणून ती जगभरातील जाळे-अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. तेथे एकही महत्त्वाचे यंत्र मोडले नव्हते. मोडली होती ती मांडणी, आणि तीही एका दिवसात नव्हे, तर अनेक वर्षांच्या जोडाजोडीतून.

मेश : अनेक वाटांचे जाळे

पाचवा प्रकार मेश. यात संगणकांना जोडणाऱ्या वाटा एकाहून अधिक असतात. प्रत्येक जण प्रत्येकाशी थेट जोडला असेल तर ते पूर्ण मेश होय. त्यासाठी किती तारा लागतील, याचा हिशेब सोपा आहे. संगणकांच्या संख्येला तिच्याहून एकने कमी असलेल्या संख्येने गुणायचे आणि आलेल्या उत्तराचे दोन भाग करायचे. ५ संगणकांना १० तारा, १० संगणकांना ४५ आणि १०० संगणकांना ४,९५० तारा. म्हणून पूर्ण मेश मोजक्या, अत्यंत महत्त्वाच्या केंद्रांपुरतेच परवडते. इतरत्र काही निवडक दुवे जादा टाकून अंशतः मेश उभारले जाते.

या विचाराचा पाया अमेरिकेतील रँड संस्थेचे पॉल बॅरन यांनी घातला. अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्यांचा परस्परसंपर्क कसा टिकेल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांत त्यांनी केंद्रित, विकेंद्रित आणि विखुरलेले अशा तीन आकृत्यांची तुलना केली. केंद्रित म्हणजे तारका, विकेंद्रित म्हणजे अनेक तारकांचे मिळून झालेले जाळे आणि विखुरलेले म्हणजे मेश. त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा होता, की सर्वांना सर्वांशी जोडण्याची गरजच नाही. किमान आवश्यक दुव्यांच्या तिप्पट-चौपट दुवे असले, तरी जाळे विलक्षण चिवट बनते.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेले 'अर्पानेट' अणुहल्ला सोसण्यासाठी बांधले गेले, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. दूरवरच्या संशोधकांना महागडे संगणक वाटून वापरता यावेत, हा त्याचा मूळ हेतू होता. डिसेंबर १९६९ मध्ये त्यात चार केंद्रे होती. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड आणि सांता बार्बरा येथील तीन केंद्रांचा त्रिकोण झाला होता, त्यामुळे त्यांतील एक दुवा तुटला तरी दुसरी वाट होती. चौथे युटा विद्यापीठ मात्र स्टॅनफर्डला जोडणाऱ्या एकाच तारेवर लटकलेले होते. ती तुटली असती तर युटा एकाकी पडले असते. एकाच जाळ्यात काही जण सुरक्षित आणि काही जण टांगणीला, ही स्थिती तेव्हापासून आजवर बदललेली नाही.

कागदावर दोन, जमिनीत एक

अनेक वाटा आहेत, म्हणून निर्धास्त राहावे काय? अनुभव तसे सांगत नाही. डिसेंबर १९८६ मध्ये अर्पानेटचा न्यू इंग्लंड विभाग उर्वरित जाळ्यापासून अचानक तुटला. त्याला जोडणाऱ्या एक-दोन नव्हे, सात तारा होत्या. पण त्या सातही तारा वाटेत एकाच प्रकाशतंतू केबलमधून नेलेल्या होत्या आणि नेमकी तीच केबल तुटली. आराखड्यावर सात रेषा होत्या, जमिनीत एक.

असाच अनुभव मुंबईलाही आला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजाराची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवण्यात आली. बाजाराच्या मुख्य केंद्रापासून जवळच्या पर्यायी केंद्रापर्यंत दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांचे दुवे होते. दोन्ही अस्थिर झाले. त्याचे प्रमुख कारण दोन्ही केंद्रांदरम्यानच्या रस्त्यावरील खोदकाम व बांधकाम हे होते, असे बाजारातर्फे नंतर स्पष्ट करण्यात आले. दुव्यांतील या बिघाडापाठोपाठ माहितीसाठ्याची यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे चालली नाही आणि जोखीम नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली. कंपन्या दोन असणे आणि वाटा दोन असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दिवशी दिसून आले.

समुद्रातील केबलनाही हाच नियम लागू पडतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी ४' आणि 'फ्लॅग' या दोन केबल तुटल्या आणि भारतासह आखाती देशांचे इंटरनेट कमालीचे मंदावले. केबल दोन होत्या, मालक निरनिराळे होते, परंतु युरोपकडे जाणारी वाट एकाच चिंचोळ्या भागातून जात होती. भारतातील वाहतूक पूर्वेकडून, प्रशांत महासागरमार्गे वळवून सेवा सावरण्यात आली. दुसरी दिशा उपलब्ध होती, म्हणून संपर्क पूर्णपणे तुटला नाही.

गावांसाठी रेषेकडून वर्तुळाकडे

व्यवहारात यांपैकी एकच मांडणी शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळते. कार्यालयातील मजल्यावर तारका, इमारतीत वृक्ष, शहरात वर्तुळ आणि देशादेशांत मेश, असे मिश्रण सर्वत्र असते. त्यातील कोणता थर कोणत्या मांडणीचा असावा, हा निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही. त्यावर सार्वजनिक पैसा आणि लोकांची कामे अवलंबून असतात.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची केंद्र सरकारची 'भारतनेट' योजना याचे ठळक उदाहरण आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत तालुका किंवा गट पातळीपासून ग्रामपंचायतीपर्यंतची जोडणी प्रामुख्याने रेषेसारखी होती. तिला केबल कमी लागते. पण रस्तारुंदीकरणात किंवा जलवाहिनीच्या खोदकामात केबल तुटली की पुढची गावे संपर्काबाहेर जातात आणि दुरुस्ती होईपर्यंत तेथील दाखले, देयके व बँकिंगची कामे खोळंबतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ही मांडणी बदलून ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडण्याचे ठरले. त्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. वर्तुळ पूर्ण करण्यासाठी लागणारी जादा केबल हा खर्चाचा भाग आहे, हे खरे. मात्र एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने गाव जोडलेले राहते, हे त्या खर्चाचे फळ. अर्थात, वर्तुळाच्या दोन बाजू एकाच रस्त्याच्या कडेने नेल्या तर हे फळ हाती लागणार नाही.

आपल्या जाळ्याबद्दल विचारावेत असे प्रश्न

गृहनिर्माण संस्था, शाळेची संगणक प्रयोगशाळा, दवाखाना किंवा लहान कार्यालय यांचे जाळे उभारताना बहुतेक चर्चा वेगाची आणि दराची होते. मांडणीविषयी चार साधे प्रश्न त्याच वेळी विचारले तर पुढचा त्रास टळू शकतो.

पहिला प्रश्न : कोणती एक तार किंवा पेटी बंद पडली तर सर्वांचे काम थांबेल? अशी जागा जवळजवळ प्रत्येक जाळ्यात असते. ती कोठे आहे हे ठाऊक असणे आणि तिला यूपीएस व राखीव उपकरण देणे, ही पहिली काळजी होय.

दुसरा : एका स्विचमागे किती स्विच जोडले आहेत? गरज भासेल तशी साखळी वाढवण्याऐवजी प्रत्येक मजल्याचा स्विच थेट मुख्य स्विचला जोडणे केव्हाही हितकारक. त्यास केबल अधिक लागेल, पण दोष शोधणे सोपे होईल.

तिसरा : इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या असतील तर त्या इमारतीत एकाच पाइपमधून येतात का? शक्य असल्यास एक फायबरची आणि दुसरी मोबाइल जाळ्याची ठेवावी. दोन्हींच्या वाटा सर्वस्वी भिन्न असतील असे नाही, परंतु इमारतीबाहेरचा खड्डा तरी दोघांना एकाच वेळी गाठणार नाही.

चौथा : तारांचा नकाशा कोणाकडे आहे? तारा टाकणाऱ्या तंत्रज्ञाच्या डोक्यातील नकाशा त्याच्याबरोबरच निघून जातो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी आणि त्या क्रमांकांची एक वही, एवढे जरी ठेवले तरी बिघाडाच्या दिवशी शोधाशोधीचे अनेक तास वाचतात. जाळे वाढले की वहीतही नोंद वाढली पाहिजे.

तार आज ना उद्या तुटणार, हे गृहीत धरूनच जाळ्याची आखणी करायची असते. ती तुटल्यावर किती जणांनी थांबायचे, हे मात्र तार टाकण्याच्या दिवशीच ठरलेले असते.